घट्ट बसवलेली बेअरिंगे

एकदा एका वृद्ध यंत्रज्ञाच्या हाताखाली सुलक्षणा नावाची एक तरुण अभियंता काम शिकत होती. वृद्धाचे नाव नरहरपंत. अतिवेगाने फिरणारी स्पिंडल, म्हणजे ज्याच्या टोकाला घासणारे चाक बसते तो यंत्राचा मुख्य दांडा, घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

सुलक्षणा हुशार होती, पण तिच्या मनात एक काटा रुतून बसला होता. तिने जुळवलेल्या पहिल्याच यंत्राचा दांडा सैल पडून थरथरला, चाक फुटले आणि त्याची कपची बशीर नावाच्या सहकाऱ्याच्या गालात घुसली. डोळा थोडक्यात वाचला. बशीर बरा होऊन कामावर आला, तिच्याशी पूर्वीसारखा हसू-बोलू लागला. तिला मात्र यंत्राचा आवाज चढला की अजून ती कपची आठवे.

अशातच कृत्रिम गुडघ्याचे सांधे घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचे काम आले. बेअरिंगे, म्हणजे दांडा ज्यांच्या आधाराने फिरतो ती गोळ्या भरलेली कडी, निवडण्याची जबाबदारी पंतांनी तिच्यावर सोपवली. ही बेअरिंगे अशी, की त्यांतल्या गोळ्या कड्यांना तिरक्या टेकतात. ती जोडीने, एकमेकांवर दाब देऊन बसवायची. त्या तिरकेपणाचा कोन किती घ्यायचा आणि दाब किती द्यायचा, हे निवडणाऱ्याने ठरवायचे. सुलक्षणाने मोठ्यात मोठा कोन घेतला, दाबही जास्तीत जास्त ठेवला. दांडा हलवून पाहिला, तर तो केसभर हलेना.

"एवढा दाब?" पंतांनी विचारले.

"असू द्या, सर. घट्ट असलेलं बरं."

चाचणीच्या वेळी पंतांनी फक्त घासणारे चाक काढून ठेवायला लावले.

यंत्र घेणारा व्यापारी चाचणी पाहायला आला होता. दांडा फिरू लागला, वेग चढत गेला, कुठे कंप नाही की खरखर नाही. व्यापाऱ्याने समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात, स्पिंडलच्या आवरणावर हात ठेवून उभ्या असलेल्या पंतांनी झटकन यंत्र बंद केले.

"हे यंत्र आज मिळणार नाही."

"अहो, इतकं सुरेख चाललंय! तिकडे रुग्णालयं खोळंबलीत!"

"खोळंबू द्यात."

व्यापारी पाय आपटत निघून गेला. सुलक्षणाचा चेहरा पांढराफटक पडला. "काय चुकलं, सर? जरासुद्धा थरथरत नव्हतं हो!"

पंतांनी तिला आवरणाला हात लावायला सांगितले. चटका बसून तिने हात मागे घेतला. स्पिंडल निवल्यावर दोघांनी ते उघडले. आतले ग्रीस काळवंडले होते आणि गोळ्यांच्या वाटेवर कडी करपली होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर सगळे जाम झाले असते. सुलक्षणा मटकन स्टुलावर बसली.

पंत शांतपणे म्हणाले, "मोठा कोन आणि जास्त दाब वाईट नव्हेत. दांड्यावर लांबीच्या दिशेनं येणारा रेटा मोठा आणि वेग कमी असेल, तिथे तेच हवेत. इथे रेटा थोडा आणि वेग प्रचंड. वेगात घर्षण वाढतं, आतलं कडं तापून फुगतं, आधीच्या दाबावर आणखी दाब चढतो. त्यानं ते अधिकच तापतं. मागच्या खेपेला सैल पडलं, म्हणून या खेपेला तू आवळलंस. बाळ, ही बेअरिंगं तू यंत्रासाठी निवडलीच नाहीस. स्वतःच्या भीतीसाठी निवडलीस. भीतीला प्रश्न विचारू द्यावेत. वेग किती, रेटा कुठून, उष्णता जाईल कुठे, हे तिनं विचारलंच पाहिजे. उत्तरं मात्र तिच्याकडून घेऊ नयेत."

सुलक्षणाने सारे हिशेब पुन्हा मांडले. या वेळी तिने लहान कोन निवडला, हलक्या सिरॅमिकच्या गोळ्या घेतल्या आणि दाब बेताचा ठेवला. तो आकडा लिहिताना तिची लेखणी अडखळली. पण तिने तो वाढवला नाही.

दुसऱ्या चाचणीला पंत मुद्दाम लांब उभे राहिले. वेग चढला. आवरणावर लावलेल्या तापमापकाचा काटा वर जाऊ लागला, तसा तिचा हात बटणाकडे गेला.

"सर, बंद करू?"

"तू सांग."

ती काट्याकडे पाहत राहिली. काटा आणखी थोडा चढला, रेंगाळला आणि धोक्याच्या खुणेच्या बराच खाली स्थिरावला. तिची भीती काही गेली नव्हती.

"चालू राहू दे," ती म्हणाली.