शून्यावरचा काटा

"दोन्ही फटींतनं लहरी येतायत म्हणता, मग काटा शून्यावर का मेलाय, सर?"

पल्यानं विचारलं ते काही शिकायला नव्हे. सरांची जिरवायला. अख्ख्या बारावीत याच्याइतकं वांड कार्टं दुसरं नव्हतं.

आवटी सरांनी वाकून काट्याकडं बघितलं.

टेबलावर मायक्रोवेव्हचं यंत्र. या टोकाला लहरी सोडणारा डबा, मधे पत्र्यात दोन उभ्या फटी, त्या टोकाला लहरी पकडणारा रिसीव्हर आणि त्याचा तो काटा. आता त्या खोलीत म्हणे कॉम्प्युटर बसलेत. तेव्हा तिथं स्पिरिटचा वास यायचा, पंखा कुरकुरायचा, आणि खिडकीपाशी एक बाक होता. त्याच्यावर कर्कटकानं कोरलेलं, 'पल्या + बिरू'.

त्या बाकावर त्या दिवसांत पल्या एकटाच बसायचा.

हेडसरांच्या स्कूटरच्या डिकीत बेडूक दोघांनी मिळून सोडलेला. दोन छड्या बसल्या न बसल्या, बिरूनं पल्याचं नाव सांगून टाकलं. दिवाळीपासून दोघांत शब्द नाही. आणि आज शेवटचं प्रॅक्टिकल. उद्या सकाळच्या गाडीनं बिरू मामाकडं बडोद्याला चाललेला, कायमचा. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पल्याला तर गाडीची वेळही ठाऊक होती.

"मेलंय ते डबडं," पल्या म्हणाला. "विकून भेळ खाऊ, सर."

वर्ग फिदीफिदी हसला. मागच्या बाकावरचा बिरू तेवढा हसला नाही.

सर फळ्याकडं वळले. पल्यानं खिशातनं पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद काढला आणि एक फट गपकन बुजवली. म्हटलं, आता तर पार मढंच पडेल यंत्राचं.

काटा टुणकन चारावर गेला.

पल्याचा आ वासलेला. वर्ग बाकांवरनं उठून बघायला लागला.

"काय केलंस?" सरांनी वळून न बघताच विचारलं.

"...एक फट बंद केली."

"आणि?"

"वाढलं."

"मग मघाशी मेलं काय होतं?"

पल्यानं डोकं खाजवलं. "काहीच नाही. दोन्ही येत होत्या. एक वर चढली की दुसरी खाली. एकमेकीला खात होत्या, सर."

"एवढं नेमकं खातात?"

"खातात की."

"का?"

"...एकाच डब्यातनं निघाल्यात म्हणून."

"वेगवेगळ्या डब्यांतनं आल्या असत्या तर?"

"मग काटा शून्यावर टिकला नसता. परक्यांना एवढं नेमकं जमत नाही."

सर मान हलवत फळा पुसत राहिले. पंखा कुरकुरला.

पल्यानं हळूच कागद काढला. काटा धपकन शून्यावर.

"मग असंच राहायचं का, सर? एक बुजवली तरच काटा हलणार?"

"चार पुरत असतील तर बुजव."

"...नाही पुरत."

सरांनी रिसीव्हर उचलून त्याच्या हातात दिला. "सरक. चार बोटं."

"कुठं?"

सरांनी हनुवटीनं बाजू दाखवली.

पल्या रिसीव्हर धरून सरकला. एक बोट. दोन. काटा थरथरला. तीन. चौथ्या बोटाला काटा पार आठावर जाऊन टेकला. डबा तोच, फटी त्याच, कुणी त्यांना हात लावला नव्हता.

कुणीतरी मागनं हळूच म्हणालं, "आयला..."

आवाज बिरूचा होता. पल्यानं वळून बघितलं नाही. पण कान लाल झाले त्याचे.

घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून निघाली. बिरू दारात चपलेचा पट्टा लावत बसला होता. तो पट्टा काही लागत नव्हता.

पल्या टेबलापाशीच. हातात अजून रिसीव्हर.

"सर..."

"हं."

"चूक त्याची होती, सर. मग... आधी कुणी सरकायचं असतं?"

आवटी सरांनी डब्याचं बटण बंद केलं.

"ज्याला शून्य दिसतंय, त्यानं."