सगुणेच्या दंडावर मोहोळ

डोंगरातल्या एका गावात सगुणा नावाची एक सून होती. स्वभावानं गोड, कामाला चपळ, पण जराशानं दचकणारी. मांजरानं उडी मारली तरी तिच्या हातातलं पीठ अंगणभर व्हायचं. आणि नशीब बघा, दिली कुठे? तर मधमाश्या पाळणाऱ्यांच्या घरी!

सासरे बाबाजी उघड्या हातांनी माश्यांच्या पेट्या हाताळत. ते सगुणेला मायेनं सांगत, "सूनबाई, संयम ठेवायला शीक. माश्यांचं काम म्हणजे संयमाचं काम." सगुणा मान डोलवी आणि मनात म्हणे, 'ज्यांची छाती दगडाची, त्यांच्यासाठी असतो तो. आपल्यासाठी नाही.' नणंद वत्सला तर हसून म्हणायची, "वहिनी, एखादी माशी शिंकली ना, तरी तू माहेर गाठशील!"

फुलोऱ्याचे दिवस आले. या दिवसांत माश्यांचं कुटुंब वाढतं आणि त्यातल्या कितीतरी माश्या राणीला घेऊन नवं घर शोधायला निघतात. त्यांना बोलावण्यासाठी टोपलीला आतून जुनं मेण चोळून ठेवायचं, ही या घरची रीत. त्या सकाळी ते काम सगुणेकडे होतं. तिनं इतकं मन लावून चोळलं, की स्वतःच दंडापर्यंत मेणानं माखली. हात धुणार, तेवढ्यात जांभळीला टांगलेल्या झोळीत तिचं तान्हं कुरकुरलं. ती तशीच धावली आणि दोरी धरून झोका देऊ लागली.

बाळ झोपलं, आणि आभाळातून घोंघाट आला. माश्यांचा थवा उतरला, पण टोपलीवर नाही. मेणाच्या वासानं थेट सगुणेच्या हातावर. बघता बघता झोळीची दोरी आणि तिचा दंड मिळून एकच जिवंत घोस लोंबू लागला.

सगुणेच्या तोंडचं पाणी पळालं. हात झटकावा आणि पळत सुटावं, असं अंगातला कण न् कण म्हणत होता. पण झटकला तर चिडलेल्या माश्या आधी कुणावर पडतील, हे तिला दिसत होतं. तिनं हात तसाच धरला.

वत्सला धुराचं मडकं घेऊन धावत आली. "थांब वहिनी, आत्ता पळवते एकेकीला!"

"नको वन्सं," सगुणा ओठांतल्या ओठांत म्हणाली. "उधळल्या तर झोळीत शिरतील. मामंजींना बोलवा. आणि पळू नका, चालत जा."

बाबाजी आले. त्यांनी मेणाची टोपली घोसावर उपडी धरली. माश्या अंधाराकडे वर चढतात. राणी आत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. पण राणीला घाई करता येत नाही. माश्या सावकाश चढू लागल्या. एक सगुणेच्या पापणीजवळून चालत गेली. एकीनं मनगटाला डंख मारला. डोळ्यांतून पाणी आलं, हात हलला नाही.

आणि बाळ रडायला लागलं.

आता मात्र तिचा जीव गलबलला. त्याला उचलून छातीशी घ्यावं म्हणून दुसरा हात निघाला होता. तिनं तो मागे घेतला आणि ओठ मिटूनच अंगाई गुणगुणू लागली. आवाज कापत होता, पण आईचा होता. बाळ हळूहळू निवलं.

शेवटची माशी टोपलीत गेली. सगुणेनं बाळाला उचललं आणि मटकन खाली बसली.

"मामंजी, मला कसला आलाय संयम! बघा, अजून लटलट कापतेय."

बाबाजींनी टोपली खाली ठेवली. "पोरी, मला माश्यांची भीतीच वाटत नाही. माझा हात हलला नाही, त्यात माझं कसलं कौतुक? तुझा जीव पळ म्हणत होता आणि तू थांबलीस. मी नुसता शब्द सांगत आलो. अर्थ आज तू दाखवलास."

वत्सलानं वहिनीच्या मनगटातली नांगी नखानं अलगद काढली. मग बाळाला आपल्याकडे घेतलं आणि म्हणाली, "आता काप हवी तेवढी. बाळ मी धरलंय."

तात्पर्य: मनात भीती नसणं म्हणजे संयम नव्हे. मन उसळत असताना, आपल्या माणसासाठी, योग्य वेळ येईपर्यंत स्वतःला आवरून धरणं म्हणजे संयम. आणि तो भित्र्यातल्या भित्र्यालाही जमतो.