दक्षिणेकडून आलेला दूत

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरात सुनंद नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते. त्यांचे नाव जीवदत्त. राजाच्या आरोग्यशाळेचे ते प्रमुख होते.

माघातला साधा दिवस होता. अंगणात हिरडे वाळत घातले होते आणि जीवदत्त त्यांतले किडके वेगळे काढीत बसले होते. तेवढ्यात खुमी नावाची एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. नगराच्या दक्षिणेला तीन वर्षांपासून राजाचा तलाव खणला जात होता. त्या कामासाठी डोंगरातली माणसे दर हिवाळ्यात खाली उतरत आणि पावसाआधी परत जात. खुमी त्यांच्यातली.

“वैद्यबाबा, नात गेली माझी,” ती म्हणाली. “सोनकी. सात वर्षांची. आता औषध नको. एवढंच सांगा, काय नेसून यायला हवं होतं आम्ही?”

जीवदत्तांना प्रश्न कळला नाही.

“पोर तापानं फणफणली तसा माझा जावई रुंजा पळत आला. खांद्यावर कामाचा दोर होता. तुमचे हे पूर्णकबुवा म्हणाले, दोर घेऊन आलास, अशुभ, माघारी जा. तो दोर टाकून, अंग धुऊन आला. तर म्हणाले, ओले कपडे, अशुभ. मग कुणाचं तरी कोरडं धोतर मागून नेसला, ते निघालं तांबडं. काल आला तो रडतच आला. रडणारा तर साऱ्यांत वाईट म्हणे! अहो, चांगले शकुन घेऊन यायला आम्ही काय लग्नाचं वऱ्हाड? बरं, पोरीला उचलून आणावी, तर आजारी परक्याला वेशीच्या आत घेत नाहीत.”

वैद्याला बोलवायला जो येतो त्याच्यावरून रोगी वाचणार की नाही हे ओळखावे, आणि दूत अशुभ असेल तर जाऊ नये, असे त्या काळचे शास्त्र होते. पूर्णक हे जीवदत्तांचे ज्येष्ठ शिष्य. दारात बसून दूत पारखण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते त्यांना जीवदत्तांनीच शिकवले होते.

“ही म्हणते ते खरे आहे?” जीवदत्तांनी विचारले.

“खरे आहे, आचार्य. शिवाय चारही वेळा तो दक्षिणेकडून आला. यमाची दिशा.”

“त्यांची वस्तीच दक्षिणेला आहे.”

पूर्णकांनी दक्षिणेच्या वेशीकडे पाहिले. मग म्हणाले, “हो. आहे खरी.”

“तीन वर्षांत त्या वस्तीतून किती जण बोलवायला आले?”

“साठ-सत्तर असतील.”

“आपण कितींकडे गेलो?”

“एकाकडेही नाही. शुभ लक्षणांचा कोणी आलाच नाही.”

“आणि ते रोगी?”

“बहुतेक दगावले,” पूर्णक शांतपणे म्हणाले. “शास्त्र एकदाही खोटे ठरले नाही, आचार्य.”

जीवदत्त हातातल्या हिरड्याकडे पाहत राहिले. तो चांगला की किडका, हे त्यांना सांगता येईना. काल दुपारी ते याच जागी बसून तेल ढवळीत होते. दारातून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला होता. कोण आहे, असे त्यांनी विचारले होते. अशुभ दूत आहे, असे उत्तर आले होते. त्यावर ‘बरं’ म्हणून ते तेल ढवळीत राहिले होते.

हिरडा खाली ठेवून त्यांनी खुमीला विचारले, “वस्तीत आणखी कोण आजारी आहे?”

“अकरा जण. पण बोलवायला कुणी यायचं नाही आता. चिखल, दोर आणि रडणं, एवढंच तर हाय आमच्यापाशी.”

जीवदत्त उठले आणि औषधांची झोळी भरू लागले.

“आचार्य,” पूर्णक घाईने म्हणाले, “आपण हात लावलेला रोगी दगावत नाही, अशी आपली ख्याती आहे. राजाने मान दिला तो त्यासाठीच. तिथे कोणी मेले तर ती जाईल.”

“जाईल,” जीवदत्त म्हणाले, आणि खुमीच्या मागोमाग दक्षिणेच्या वेशीतून बाहेर पडले.

अकरांपैकी आठ वाचले. तिघे गेले. वैद्याच्या हाताचे यश गेले, असे लोक बोलू लागले आणि राजाने प्रमुखपद पूर्णकांना दिले. जीवदत्तांनी तलावाच्या बांधावर छप्पर घातले. कोणी बोलवायला येईल याची वाट ते पाहत नसत. रोज सकाळी झोपडी-झोपडीतून फिरत. पावसाआधी वस्ती डोंगरात परतली, तेव्हा तेही बरोबर गेले.

विहारात एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्मीची माणसे ओळखून दाखवली. “आजारी भिक्षूंची अंथरुणे स्वतः धुणारा, तुमच्यातला हा वृद्ध भिक्षू तेव्हा पूर्णक होता. काल विहारात दान घेऊन आलेली उपासिका खुमी होती. जीवदत्त मी होतो.”

मग त्यांनी या कथेतल्या गुणाचे नाव सांगितले: करुणा.

“ती तेव्हाही माझ्यापाशी होती,” शास्ते म्हणाले, “पण मी दारापर्यंत उठून गेलो नाही. सोनकीला पाहायला कोणी गेले नाही.”