खापरी मागणारी धुरपा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण सांगायला बसलं की माझं डोकं आजही तापतं. तेव्हा मधेच कुणी हसू नका.

आपल्या गावावरच्या खिंडीत तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता. उन्हाळ्यात घाट चढून आलेल्या वाटसरूच्या घशाला कोरड पडायची. काही जण खाली जिवंत उतरायचेच नाहीत. म्हाळू कुंभाराच्या मनात आलं, खिंडीत माणूस उभा मावेल एवढा रांजण ठेवावा आणि गावानं तो भरावा. त्यानं रांजण घडवला, आव्याच्या भट्टीत भाजायला ठेवला, आणि तो फुटला. त्या आवाजानं पलीकडच्या खोऱ्यातली गुरं दावी तोडून पळाली, असं म्हणतात.

आणि आपलं गाव काय करतं? त्या काळी शेजारचा विस्तव फुटक्या भांड्याच्या खापरीत घालून आणत. दुसऱ्या दिवशी म्हाळूच्या दारात ही रांग! "म्हाळूबा, खापरी हाय का? इस्तव न्यायचाय." खापऱ्या काय कुणाच्या घरी नव्हत्या? पण हसायची हौस मेल्यांना! म्हाळूनं पुन्हा रांजणाचं नाव काढलं नाही. पणत्या करता करता गेला बिचारा. मला विचाराल तर त्याला गावानं मारलं.

धुरपा त्याची मुलगी. तिचा हात बापापेक्षा चांगला होता, आणि तिलाही तोच रांजण करायचा होता. पण दारातली ती रांग तिनं लहानपणी पाहिली होती. ती मोठमोठी भांडी घडवायची, आणि आव्यात ठेवायची वेळ आली की तिला ती रांग आठवायची. मग ती सगळं मोडून मातीचा पुन्हा गोळा करायची. भाजलंच नाही तर फुटेल कशाला! अशी तिची किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत.

मग एका वैशाखात माहेरी निघालेली एक सासुरवाशीण खिंडीत पाण्यावाचून मेली. धुरपानं तिला पाहिलं आणि ती अशी भडकली, की स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "मी हसण्याला भ्याले, आन् ही मेली," म्हणाली.

ती माती घेऊन थेट खिंडीत गेली. तिथंच रांजण घडवला, तिथंच आवा लावला. रांजण फुटला.

गाव हजर! "धुरपे, खापरी हाय का गं?" तिनं एकेकाच्या हातात खापरी ठेवली. हसून हसून सगळे घरी गेले. ती रिकाम्या आव्यापाशी उभी राहिली आणि ओरडली, "एवढंच? एवढ्यापायी माझ्या बापानं जीव जाळला?" तिच्या अंगावरच्या घामाची वाफ झाली, असं म्हणतात.

दुसराही फुटला. या वेळी तिनंच खिंडीतून हाक दिली, "या रं, घेऊन जा!"

काही दिवसांनी ती विस्तव मागायला पाटलीणबाईकडे गेली. चुलीपाशी म्हाळूच्या रांजणाची खापरी होती. इतकी वर्षं निखाऱ्यात राहून तिला तडा गेला नव्हता. धुरपा बघतच राहिली. एकदा भाजून निघालेली माती आगीत टिकते, तर तीच कुटून ओल्या मातीत मिसळली तर?

पण खापऱ्या तर सगळ्या गावात गेलेल्या! मग धुरपा निघाली दारोदार.

"हसून झालं आसंल तर खापरी द्या."

पाटलीणबाई म्हणाली, "आता काय जोडत बसनार व्हय गं?"

"कुटनार हाय. माझ्या बापाची आधी द्या."

तिनं त्या खापऱ्या अशा कुटल्या, की घराघरांतल्या भिंतींचे पोपडे पडले, असं म्हणतात. रांजणात उभी राहून, आतून दगड धरून, बाहेरून लाकडी थापी मारत तिनं तो वाढवला. या वेळी तिनं तो मोडला नाही. आवा पेटवला. सगळं गाव कान टवकारून बसलं. आवाज आलाच नाही.

आवा निवल्यावर तिनं रांजणावर टिचकी मारली. तो असा वाजला, की म्हाळूच्या वेळी पळालेली गुरं खोऱ्यात परत आली, असं म्हणतात. आणि पहिल्या घागरी कुणी वाहिल्या? ज्यांनी खापऱ्या नेल्या होत्या त्यांनी. तिनं त्यांना सोडलं नाही, बरं केलं.

आजही आपल्या गावात कुणाचं काही फसलं, तर तो माणूस तोंड लपवून बसत नाही. घरोघर जातो आणि धुरपाचे खापरी मागायचे शब्द म्हणतो. घरानं उठून, न हसता, खापरी द्यायची. त्या खापऱ्या कुटून खिंडीतल्या पुढच्या रांजणासाठी ठेवतात.

गेल्या साली तुळशाच्या सुनेनं मधमाश्या पाळल्या आणि सगळ्या उडून गेल्या. सकाळीच ती पदर खोचून निघाली. दारोदार खापऱ्या मिळाल्या. एक जण मात्र हसला. तिनं त्याच्या ओट्यावरचा नवाकोरा माठ उचलला, त्याच्या पायाशी आपटला, त्यातली खापरी घेतली आणि पुढच्या दारात गेली.