इवलीचे बोर आणि बसलेला उंट

एक होते वाळवंट. वाळूच वाळू.
वाळूत राहत होती एक उंदरी. तिचे नाव इवली.
इवलीची सखी होती एक खार. तिचे नाव भुरकी.

दूर वाळूच्या टेकडीवर हरीचे देऊळ होते. दुपारी देवळात घंटा वाजे. घण घण घण. घंटा वाजली, की देव जेवायला बसे.

एके दिवशी इवलीला एक बोर सापडले. एकच. लाल लाल, गोल गोल.
इवली म्हणाली, "हे देवाचे. घंटेच्या आधी पोचवू."

पण वाळू तापली होती. पाय पोळत होते.
मग दोघी हमीरबांकडे गेल्या. हमीरबा उंटवाले. पुढे चालून वाट दाखवायचे, मागून उंट यायचा. चालता चालता हातातली टकळी फिरवायचे, गर गर गर. उंटाचे केस कातून दोर करायचे.

हमीरबांनी उंटाला बसवले. म्हणाले, "चढा, लेकींनो. मी आलोच." आणि ते विहिरीकडे गेले.

भुरकी चढली. सर सर सर. बसली उंटाच्या मदारीवर, मऊ मऊ उंचवट्यावर.
मागून इवली निघाली. तोंडात बोर होते. पण निघताना देवाचे नाव घ्यावे ना? इवलीने तोंड उघडले.
"हरी," म्हणाली.
टप्प. बोर पडले.
गड गड गड. बोर घरंगळले.
उंट सरकला, नीट बसला. बोर गेले उंटाखाली.

इवली रडली नाही. रागावली नाही. उंटाच्या तोंडासमोर उभी राहिली.
"उंटदादा, उंटदादा, बोर सुटेना. तू उठतोस का?"
उंट चघळत होता. चवळ चवळ चवळ.
"शेंगदाण्याएवढी तू, आणि मला उठवतेस? बांनी वेसण धरल्याशिवाय मी उठत नाही."
"बरे," इवली म्हणाली. "बोर देवाचे आहे. मिळेल."
आणि निघाली. टुण टुण टुण.

हमीरबा विहिरीच्या काठावर बसले होते. पाय वर धरला होता. टकळी रिकामी होती.
"बा, बा, उंट उठेना, बोर सुटेना. तुम्ही वेसण धरता का?"
हमीरबा म्हणाले, "कशी धरू, लेकी? पायात काटा रुतला. काटा मोडला, आत राहिला. काट्यानेच काटा निघतो. बाभळीने काटा दिल्याशिवाय मी चालत नाही."
"बरे," इवली म्हणाली. "बोर देवाचे आहे. मिळेल."
आणि निघाली. टुण टुण टुण.

बाभूळ उन्हात उभी होती. पाने मिटलेली, काटे ताठ.
"बाभूळमावशी, बाभूळमावशी, बा चालेनात, उंट उठेना, बोर सुटेना. तू काटा देतेस का?"
बाभूळ म्हणाली, "तू ओढून बघ."
इवलीने ओढले. हं… हं… काटा हलेना.
"बघितलेस? तहानलेल्या झाडाचा काटा हट्टी असतो. विहिरीने पाणी दिल्याशिवाय मी काटा देत नाही."
"बरे," इवली म्हणाली. "बोर देवाचे आहे. मिळेल."
आणि निघाली. टुण टुण टुण.

विहीर खोल होती. इवली काठावरून वाकली.
"विहीरमाई, विहीरमाई, बाभूळ काटा देईना, बा चालेनात, उंट उठेना, बोर सुटेना. तू पाणी देतेस का?"
विहीर आतून बोलली. घुम घुम घुम.
"पाणी पुष्कळ आहे, बाई. पण वर कोण आणील? पोहरा उतरल्याशिवाय मी पाणी देत नाही."
"बरे," इवली म्हणाली. "बोर देवाचे आहे. मिळेल."
आणि निघाली. टुण टुण टुण.

पोहरा म्हणजे पाणी काढायचे भांडे. ते काठावर पालथे पडले होते. इवलीने त्यावर टिचकी मारली. टिंग.
"पोहरेभाऊ, पोहरेभाऊ, विहीर पाणी देईना, बाभूळ काटा देईना, बा चालेनात, उंट उठेना, बोर सुटेना. तू उतरतोस का?"
पोहरा म्हणाला, "काल माझा दोर तुटला. तसाच उतरलो, तर वर कसा येऊ? उंटाच्या केसांचा दोर मिळाल्याशिवाय मी उतरत नाही."
"बरे," इवली म्हणाली. "बोर देवाचे आहे. मिळेल."
आणि निघाली. कुठे निघाली? पुन्हा उंटाकडे. टुण टुण टुण.

वरून भुरकी म्हणाली, "इवले, तुझी सावली बघ. पायाखाली आली. आता घंटा होईल."
इवलीने सावली पाहिली. मग ती उंटाच्या तोंडासमोर उभी राहिली.
"उंटदादा, उंटदादा, दोर मिळेना, पोहरा उतरेना, विहीर पाणी देईना, बाभूळ काटा देईना, बा चालेनात, उंट उठेना, बोर सुटेना. तू केस देतोस का?"

उंटाचे चघळणे थांबले. त्याने जरा विचार केला.
"उंट उठेना," तो म्हणाला, "म्हणजे मीच की."
"तूच," इवली म्हणाली.
"केस ने. केस द्यायला उठावे लागत नाही."

भुरकी वरून हसली. "मी मघापासून केसांतच बसले आहे. उन्हाळ्याचे गळलेले केस, नाकात जातात माझ्या." आक् छी!
"सखे, टाक खाली," इवली म्हणाली.

मग काय झाले?
भुरकीने केस टाकले. भुर भुर भुर.
इवलीने बांना दिले. बा म्हणाले, "पाय अडला, हात कुठे अडला?" टकळी फिरली. गर गर गर.
दोर मिळाला, पोहरा उतरला. डुबुक.
विहिरीने पाणी दिले. बांनी बसल्या बसल्या पोहरा वर ओढला आणि कलंडला. पाणी बाभळीकडे धावले. खळ खळ खळ.
बाभूळ प्यायली. बाभळीने काटा दिला. कट्ट.
काट्याने काटा निघाला. बा चालले.
बांनी वेसण धरली. म्हणाले, "भुरके, उंट आधी मागचे पाय उचलतो. मागे झुक. उठ रे, राजा."
उंट उठला. आधी मागून, मग पुढून.
भुरकी झुकायला विसरली. घसरत घसरत उंटाच्या मानेवर गेली. घस्स.
आणि बोर सुटले.
वाळू मऊ होती. बोर फुटले नव्हते. लाल लाल, गोल गोल, आणि ऊन ऊन.

इवलीने बोर तोंडात धरले. बांनी इवलीला तळहातावर घेतले आणि उंटावर ठेवले. भुरकी पुन्हा वर आली.
उंट निघाला. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.
पुढे हमीरबा, मागे उंट. वर दोन सख्या.

भुरकी म्हणाली, "इवले, केवढे उंच बसलो आपण."
इवली म्हणाली, "म्म."
भुरकी म्हणाली, "इवले, देऊळ दिसले."
इवली म्हणाली, "म्म."
भुरकी म्हणाली, "इवले, पुजारीबाबांनी घंटेचा दोर धरला. बोल ना काहीतरी."
इवली म्हणाली, "म्म म्म."
तोंड काही उघडले नाही.

उंट बसला. इवली उतरली. टुण टुण टुण. पायरी चढली. देवापुढे गेली. बोर ठेवले.
आणि आता तोंड उघडले.
"हरी," म्हणाली.
घण घण घण. घंटा वाजली.

देवाने बोर पाहिले. मग तेच बोर पुजारीबाबांनी प्रसाद म्हणून इवलीला दिले. अर्धे भुरकीने खाल्ले, अर्धे इवलीने. बी मात्र जपून नेली आणि बाभळीशेजारी ओल्या मातीत पुरली.

ही सात गाठींची गोष्ट. इवलीच्या सातही गाठी सुटल्या. बाळा, तशा तुझ्याही सुटोत.