चार बोटांची जागा

"मग त्या तीन इंचांत आधी व्हतं काय?" केरोबुवांनी विचारलं.

"काही नव्हतं, बुवा. नुसती हवा." अभिराम हसला. "गाडीनं रिकामी हवा वाहून न्यायची, ती कशासाठी? छत खाली घेतलं."

बुवांनी आपली चार बोटं जुळवून डोळ्यांसमोर धरली. "एवढी?"

"एवढीच."

"हं…"

आंबेघळच्या मठापुढच्या पटांगणात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मॉडेलचं नाव एकच, एक जुनी आणि एक नवी. जुनी अभिरामनंच तीन महिन्यांपूर्वी मठाला देऊन टाकली होती. बुवा पूर्वाश्रमीचे ट्रकवाले, त्यामुळे गावातलं आजारी माणूस तालुक्याला न्यायचं झालं की स्वतःच ती काढत.

नवी अभिरामची. नुसती मालकीची नव्हे, त्याच्या हातची. कंपनीत तिचं सगळं रूप त्यानं आखलं होतं. मासिकांत फोटो आले, पारितोषिक मिळालं, साहेबांनी पाठ थोपटली. आता फक्त बुवांच्या तोंडून एकदा 'झकास' ऐकायचं राहिलं होतं. पोराची ही शाळेपासूनची खोड. निकाल लागला की आधी मठ, मग पेढे.

"जुनी म्हणजे डबा हो," तो म्हणाला. "आणि हिच्याकडे बघा. उभी असली तरी पळतेय असं वाटतं."

"बघाया ब्येस हाय. आन् बसाया?"

"म्हणजे?"

बुवांनी पूजेचं ताट पायरीवर ठेवलं आणि चार लिंबं अभिरामच्या हातात दिली.

"चाकाखाली ठेव. माई कुठं हाय? जुनीच्या पूजेला तीच पयली बसली व्हती."

अभिरामचा चेहरा उतरला.

"आईचं काय विचारता… दर पौर्णिमेला मठात यायचं म्हणून जीव टाकायची. आता अशी गाडी दारात आहे, तर तिचा पाय निघत नाही. कधी गुडघे, कधी उपास, कधी कुणी भेटायला येणार असतं. आज म्हटलं, निदान इतके दिवस राहिलेल्या पूजेला तरी चल. तर म्हणाली, तू हो पुढे. माझ्या कामाचं सगळ्या जगाला कौतुक आहे, बुवा. तिला नाही."

"कवापासनं?"

"तीन महिने झाले."

"तीन महिनं…" बुवांनी जुन्या गाडीकडे बोट केलं. "तिचं मागचं दार उघड."

"आता कशाला?"

"उघड तर."

मागच्या काचांना अजून आईनं शिवलेले फुलाफुलांचे पडदे होते. अभिरामनं जरा वैतागूनच दार ओढलं.

आत आई बसली होती. मांडीवर पिशवी, हात वरच्या कडीला धरलेला.

अभिरामच्या हातातली लिंबं खाली पडली. एक घरंगळत नव्या गाडीखाली गेलं.

"आई? तू… तू कशी आलीस?"

"यष्टीनं," आई हळूच म्हणाली. "फाट्यावरून बुवांनी आणलं. उतरणार तेवढ्यात तुझी गाडी आली. म्हटलं, तू रागावशील…"

"यष्टीनं? अगं, पंचावन्न किलोमीटर! दारात गाडी असताना?"

"यष्टीला धरायला दांडी असते रे."

त्याला काही कळेना. मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली. डाव्या भुवईच्या वर दोन टाक्यांचा व्रण. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागलं म्हणाली होती. दार उघडं ठेवलं म्हणून त्यानं कामवाल्या बाईंना नाही नाही ते बोलून घेतलं होतं.

"आई… ते कपाटाचं दार…"

आईनं पदर पुढे ओढून व्रण झाकला.

"तू आंघोळीला गेलास की किल्ली घेऊन खाली जायची मी," ती म्हणाली. "म्हटलं, सवय करू. पुढून बसून बघितलं, मागून बसून बघितलं. हा गुडघा वाकत नाही, आणि मानही तेवढी खाली जात नाही. एकदा जोरात लागलं… बाईंना तू बोललास, त्यांची मी माफी मागितली हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"किती आनंदानं दाखवत होतास रे."

अभिराम मटकन खाली बसला, तिथंच, मातीत, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांनिशी. नव्या गाडीच्या चकचकीत दारात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. तो त्याला बघवेना. त्यानं आईची पावलं धरली. त्याला रडू आवरत नव्हतं.

आई वाकून त्याच्या केसांवरून हात फिरवायला बघत होती. हात पोचत नव्हता.

मग बुवा पुढे आले. दारातून त्यांनी आत हात घातला, चार बोटं जुळवली आणि माईचं डोकं नि छत यांच्यामध्ये अलगद सरकवली. बोटं नेमकी बसली.

"खरं हाय तुझं, अभिराम," ते म्हणाले. "काय बी न्हवतं हितं."