ठगूबाईची पाटी

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्यांच्या आज्या पाळण्यात होत्या तेव्हा, बोरकी नदीकाठच्या धारवडीत ठगूबाई राहायची. अंगाने काटकुळी, पण हट्ट बैलगाडीभर.

त्या काळी डोंगरावर गुडघाभर गवत होतं. गावाला हाव सुटली. लोकांनी गवत काढून उतारावर नांगर धरला, तोही वरून खाली, उभा. कारण आडवं चालताना बैल अडखळायचे. पहिल्या साली तीळ उदंड पिकला. मग पावसागणिक डोंगराची माती नदीत उतरली आणि गावाचा बंधारा गाळाने भरला. पाणी साठायला जागाच उरली नाही. खालची शेतं वाळली. पंचांनी ठरवलं, यंदाही बंधाऱ्यात पाणी राहिलं नाही तर गाव उठवायचं.

ठगूबाईला हे सोसेना. तिचं एकुलतं लेकरू तिच्या खालच्या शेतात पुरलेलं होतं. त्याला टाकून ती जाणार कुठे? तिने पाटीत बंधाऱ्यातला गाळ भरला आणि डोंगर चढू लागली.

धोंडजी पाटील हसले. "ठगूबाय, नदीनं आणलेलं तू माघारी नेणार व्हय?"

"माती डोंगराची हाय, पाटील. तिला घरी पोचवते. तुमी हसा निवांत."

आपल्या वाट्याच्या उतारावर तिने दगडांच्या आडव्या ताली, म्हणजे बुटके बांध, रचल्या, त्यांच्यामागे गाळ ओतला, गवताचे ठोंब लावले. डोक्यावरची पाटी उतरवायला कुणी नसायचं, तेव्हा डोंगरच खांदा खाली करायचा, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, डोंगर अजून एका अंगाला वाकलेला आहे.

मग वळवाची एक जोरदार सर आली. साऱ्या उतारांवरून तांबडे लोट आले, ठगूबाईच्या तुकड्यावरून मात्र नितळ पाणी. धोंडजींनी ते ओंजळीत धरून पाहिलं. डोक्यावरचं पागोटं काढून त्याची चुंबळ केली आणि पाटी मागितली. त्यांच्यामागे गाव आलं. भरलेल्या पाट्या आपोआप डोंगर चढायच्या, असं म्हणतात. मला वाटतं, ठगूबाईच्या धाकाने माणसंच थकायची नाहीत.

त्या पावसाळ्यात बंधारा काठोकाठ भरला. एकही घर उठलं नाही. ठगूबाई मात्र थांबली नाही. म्हातारपणी एकदा पाटी घेऊन चढली ती उतरलीच नाही. डोंगराने तिला ठेवून घेतलं, असं म्हणतात.

आजही बंधारा आटला की धारवडीतून घरटी एक पाटी गाळ डोंगरावर जातो, पाटलांच्या घरचा पहिला. आणि कुणी घाईत उभा नांगर धरलाच, तर बांधावरून एखादी म्हातारी एवढंच विचारते, "व्हावून गेलेली माती वर कोण आणणार रं? ठगूबाय?"

तो बैल आडवे वळवतो.